खतीब आडनावाचे लोक कुठून आले?

उर्दू माध्यमाच्या वर्गात हजेरी घेताना आडनाव पुकारण्यात काही अर्थ नसतो. ‘शेख’ म्हटले की दहा-बारा जणी एकदम उभ्या राहतात. पठाण, सय्यद, अन्सारी यांचेही तेच. मग नाव, वडिलांचे नाव, कधी कधी मोहल्ला असे सगळे जोडून हाक मारावी लागते. पण एखाद्या वर्षी पटावर असे एक आडनाव येते की ते उच्चारले की एकच मुलगी उठते. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात असे एक आडनाव होते, खतीब.

त्या मुलीने एकदा मला विचारले, “मॅडम, हम लोग अरबस्तान से आए क्या? दादी तर तसंच सांगते.” मी तिला तेव्हा थोडक्यात उत्तर दिले. पण प्रश्न साधा नाही. आपल्या समाजात अरबी आडनावाचा एक अभिमान असतो. आम्ही अस्सल, आमचे खानदान थेट तिकडचे, बाकीचे इथले बाटलेले, असे लोक लग्नाच्या बोलणीत आजही सुचवतात. आणि समाजाबाहेर याच आडनावाकडे बोट दाखवून म्हणणारे असतात की बघा, नावच सांगते, हे बाहेरचे. दोघांचे भांडण असले तरी दोघांचा तर्क एकच आहे. शब्द अरबी, म्हणून माणूस अरब. हा तर्क किती टिकतो, ते या एका आडनावाच्या निमित्ताने पाहू या.

आधी शब्द पाहू. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून होतात. ख-त-ब या धातूचा अर्थ कुणाला तरी उद्देशून बोलणे. त्यातून खुत्बा म्हणजे जुम्मा किंवा ईदचे प्रवचन, आणि ते देणारा तो खतीब. उर्दूत समोरच्याकडे तोंड करून बोलणाऱ्याला आपण ‘मुखातिब’ म्हणतो, तो शब्द याच घरातला. ‘खिताब’ही तिथलाच. तो मराठीत येऊन ‘किताब’ झाला आणि कुस्तीच्या आखाड्यात स्थिरावला. ‘महाराष्ट्र केसरी’चा किताब म्हणतो, तेव्हा त्याचा पुस्तकाच्या किताबशी काही संबंध नसतो. पुस्तकाची किताब क-त-ब या धातूची. तो धातू लिहिण्याचा, खतीबचा धातू बोलण्याचा.

इस्लामच्या आधीपासून अरब कबिल्यांत शायराइतकाच खतीबाला मान होता. कबिल्याची बाजू गद्यात मांडायची ती त्याने. प्रेषितांच्या काळात मदिनेचे साबित बिन कैस हे अन्सारांचे खतीब म्हणून ओळखले जात. बाहेरचे शिष्टमंडळ येऊन आपली थोरवी सांगू लागले की उत्तराला ते उभे राहत. पुढे जुम्म्याचा खुत्बा हे खलिफाचे आणि सुभेदारांचे काम झाले. राज्य वाढले तसे प्रत्येक मोठ्या शहराच्या जामा मशिदीत खतीब नेमले जाऊ लागले.

या नेमणुकीला राजकीय वजन होते. खुत्ब्यात चालू राज्यकर्त्याचे नाव घेऊन दुआ मागितली जाई. नाणे कुणाच्या नावाने पडते आणि खुत्बा कुणाच्या नावाने वाचला जातो, या दोन गोष्टींवरून राज्य कुणाचे ते कळायचे. दख्खनमध्ये 1347 मध्ये अलाउद्दीन बहमन शाहने दिल्लीपासून वेगळे होऊन स्वतःच्या नावाचा खुत्बा वाचवला. वर्तमानपत्र नव्हते, दवंडी गावापुरती असायची. अशा वेळी राज्य बदलल्याची बातमी लोकांना जुम्म्याच्या दिवशी खतीबाच्या तोंडून कळत असणार. आमचे नाशिकही अशा बदलांतून गेले. निजामशाही 1636 मध्ये संपली. मुघल काळात नाशिकचे नाव गुलशनाबाद झाले, त्या नावाच्या टाकसाळीची नाणी आजही संग्रहांत सापडतात. जिथे नाणे पडत होते, तिथे खुत्बाही होणारच. पुढे अठराव्या शतकात शहर मराठ्यांकडे आले, जुने नाव परत मिळाले, आणि 1818 मध्ये इंग्रज आले. राज्ये बदलली, पण मशिदीत खुत्बा देणारे घर साधारण तेच राहायचे.

आता खरा प्रश्न असा, की हे आडनाव काही ठिकाणीच का सापडते? शेख किंवा पठाण जसे गावोगावी भेटतात तसे खतीब भेटत नाहीत. याचे उत्तर मला फिकहच्या एका नियमात दिसते. दख्खनच्या पठारावरचे बहुतेक मुसलमान हनफी. हनफी फिकहप्रमाणे जुम्म्याची नमाज शहरात किंवा कसब्यात होते, लहान खेड्यात नाही. खेड्यात जुम्मा नाही, म्हणून खुत्बा नाही, आणि म्हणून खतीबही नाही. खेड्यातल्या धार्मिक कामाला मुलाणी असायचा. तो गावगाड्यातला होता, बलुत्या-अलुत्यांबरोबर त्याचाही वाटा असे. कसब्यात मात्र बाजारपेठ, ठाणे, काझी आणि जामा मशीद. तिथे खतीब हवाच.

‘कसबा’ हाही अरबी शब्द, आणि तो आपल्या जिल्ह्यात किती मुरला आहे पाहा. निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आहे, शेजारी मौजे सुकेणे आहे. कसबे म्हणजे पेठेचे ठिकाण, मौजे म्हणजे साधे गाव. मुलाणी आडनाव मौज्याचे आणि खतीब कसब्याचे, असे ढोबळमानाने म्हणता येईल. नकाशावर खतीब घराणी मांडली तर जुन्या प्रशासनाची ठाणी समोर येतील, अरबस्तानातून आलेली वाट दिसणार नाही.

नाशिकमध्ये तर हे पद अजून जिवंत आहे. बहुतेक शहरांत ‘शहर काझी’ असतात. नाशिकमध्ये ‘शहर-ए-खतीब’ म्हटले जाते. त्र्यंबक रस्त्यावरच्या शाहजहानी ईदगाह मैदानावर दोन्ही ईदांची नमाज त्यांच्या मागे होते, आणि दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रांत ‘शहर-ए-खतीब’ हा शब्द कोणत्याही खुलाशाशिवाय छापला जातो. नाशिककर वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. जुम्म्याला खुत्बा नमाजेच्या आधी असतो आणि ईदला नंतर, हेही ईदगाहाच्या रस्त्यावर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाला पाठ झालेले असते. नमाज संपली म्हणून तो लगेच रस्ता मोकळा करत नाही, खुत्बा संपायची वाट पाहतो.

पदाचे आडनाव कसे होते, याचे जगातले एक चांगले नोंदलेले उदाहरण स्पेनमधले आहे. ग्रनाडाचे वजीर, कवी आणि इतिहासकार लिसानुद्दीन इब्न अल-खतीब (1313–1374) यांचे घराणे आधी ‘बनू वजीर’ म्हणून ओळखले जाई. त्यांचे पणजोबा सईद लोशा या गावी खुत्बा देत. त्यांच्यापासून घराण्याला ‘बनू खतीब’ म्हणू लागले. म्हणजे एका माणसाच्या कामामुळे एका पिढीत आडनाव बदलले. बगदादचे अल-खतीब अल-बगदादी (1002–1071), ज्यांनी बगदादशी संबंध आलेल्या हजारो विद्वानांची चरित्रे लिहून ठेवली, त्यांचाही ‘खतीब’ हा घराण्याच्या पेशातला. या दोघांचे एकमेकांशी काही नाते नाही, आणि नाशिकच्या खतीबांचे त्या दोघांशीही नाही.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. पुराणिक हे आडनाव घ्या. पुराण सांगणारा तो पुराणिक. सगळे पुराणिक एका पूर्वजाचे असतात असे कुणी म्हणत नाही. कुलकर्णी, जोशी, पाटील यांचेही तेच. आणि भाषेवरून वंश ठरवायचा तर मुजुमदार, फडणवीस, चिटणीस, मिरासदार, इनामदार ही आडनावे पाहा. त्यांत अरबी-फारसी ठासून भरलेली आहे. ‘मुजुमदार’मधला मजमू अरबी, ‘मिरासदार’मधली मिरास अरबी, ‘इनाम’ अरबी, शेवटचा ‘दार’ फारसी. म्हणून कुणी मिरासदारांना तुमचे मूळ गाव बसरा का, असे विचारत नाही. पद राज्याच्या भाषेत मिळाले आणि घराण्याला चिकटले. खतीबांचेही नेमके तेच झाले.

अर्थात पद आणि वंश एकच नव्हेत. चांगला खुत्बा देणारा, इल्म असलेला माणूस खतीब, ही मूळ अट. काझीपद इस्लामी कायद्याप्रमाणे मुळात वंशपरंपरेचे नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही एकोणिसाव्या शतकात म्हटले होते. पण पदाबरोबर इनाम जमीन यायची, आणि जमीन आली की वारस येतात. बापाचे काम मुलगा करू लागला, सनदांवर नवीन शिक्के पडत गेले, आणि तीन-चार पिढ्यांत ‘खतीब’ हे घराण्याचे नाव झाले. इंग्रजांनी 1864 मध्ये काझी नेमण्याची सरकारी पद्धत बंद केली आणि लोकांच्या अडचणी पाहून 1880 च्या कायद्याने ती निराळ्या स्वरूपात परत आणली. तोवर आडनावे पक्की झाली होती.

आता थोडे बाहेर पाहू. शाम म्हणजे सीरिया, फलस्तीन, जॉर्डन या भागांत ‘अल-खतीब’ फारच प्रचलित आहे. तिथे ते दुर्मीळ नाही, कारण तिथे गावोगावी खतीब होते आणि प्रत्येक गावच्या खतीबाचे वेगळे घराणे झाले. दमास्कसच्या उमय्या मशिदीत खुत्बा देणारे मुआज अल-खतीब 2012 मध्ये सीरियातल्या विरोधी आघाडीचे प्रमुख झाले. आडनाव आणि काम एकाच माणसात राहिल्याचे हे अलीकडचे उदाहरण. उलट इजिप्तचे महमूद अल-खतीब फुटबॉलपटू, 1983 चे आफ्रिकेतले सर्वोत्तम खेळाडू. मिंबरशी त्यांचा संबंध आपल्यासारखाच, जुम्म्यापुरता. तुर्कांनी ‘ख’चा ‘ह’ केला. 1934 मध्ये तिथे आडनाव सक्तीचे झाले आणि कितीतरी घरांनी ‘हातिपोउलू’, म्हणजे खतिबाचा मुलगा, असे नाव घेतले. बोस्नियात तेच ‘हातिबोविच’ झाले.

पूर्वेकडे इंडोनेशियात शब्द गेला पण आडनाव झाले नाही, कारण तिथे आडनावाची चाल फारशी नाही. तो किताब म्हणून, किंवा थेट नाव म्हणून राहिला. सुमात्राचे अहमद खतीब (1860–1916) मक्केत शाफई मस्लकाचे इमाम आणि खतीब होते. इंडोनेशियातल्या मुहम्मदिया आणि नहदतुल उलमा या दोन मोठ्या संघटनांचे संस्थापक त्यांच्याकडे शिकलेले. सिंगापूरमध्ये तर ‘खतीब’ नावाचे मेट्रो स्टेशन आहे, 1988 पासून.

शाफई म्हटल्यावर आपले कोकण आठवते. कोकणी मुसलमान शाफई, मलबारचे शाफई, सुमात्रा-जावाचे शाफई. समुद्रकाठाने एकच फिकह पसरली, ती व्यापाऱ्यांबरोबर. शाफई मतात गावात राहणारे चाळीस पुरुष असले की जुम्मा होतो, त्यासाठी शहरच हवे असे नाही. म्हणून कोकणात लहान गावांतही खतीब असू शकला, आणि तिथे काझी, फकीह, मुकादम यांच्या जोडीला खतीब हे आडनाव भेटते. तिथून ते मुंबईत आणि कोकणी माणूस जिथे जिथे गेला तिथे गेले. कोकणात काही अरब व्यापारी येऊन वसले, ही गोष्ट खरीच आहे. पण त्याचा पुरावा खतीब या शब्दात शोधू नये. पेशा सांगणाऱ्या शब्दाला वंश विचारून उपयोग नाही.

पठारावर नाशिकखेरीज विदर्भातल्या बाळापूरच्या राजकारणामुळे हे आडनाव मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांना परिचित आहे. बाळापूरही जुने मुघल ठाणे आणि किल्ल्याचे गाव, म्हणजे पुन्हा कसबाच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. पुष्कळ घरांत ‘सय्यद’ किंवा ‘शेख’ पुढे आणि ‘खतीब’ मागे असे दोन्ही असते. शाळेत नाव घालताना एक भाऊ सय्यद होतो, दुसरा खतीब राहतो. दोन पिढ्यांनी हे दोघे चुलत आहेत हे कागदावरून कुणाला कळत नाही. हे आडनाव आज कमी दिसते, त्यामागे हेही एक कारण आहे. घरे संपलेली नाहीत, नोंदीत वेगळी झाली आहेत.

नोंदीचा विषय निघालाच आहे तर एक अनुभव सांगते. वर म्हटलेल्या मुलीच्या थोरल्या भावाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘खाटीक’ असे आडनाव पडले होते. लिहिणाऱ्याने ऐकले, ओळखीचा शब्द वाटला, लिहिला. खाटीक असण्यात काही कमीपणा नाही, तो कष्टाचा धंदा आहे. पण खाटीक हे जातीचे नाव म्हणून सरकारी यादीत येते, आणि खतीब हे पदाचे नाव आहे. पुढे प्रवेशाच्या वेळी कागद तपासणाऱ्याला वाटले की मुलगा जात लपवतोय किंवा खोटी सांगतोय. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमधली नोंद बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. वडील रोजंदारीचे. त्यांचे किती दिवस बुडाले ते मी पाहिले आहे. आज मतदारयादी, आधार, पासपोर्ट, बँक असे सगळीकडे अक्षर न् अक्षर जुळावे लागते. अशा वेळी एक ‘ट’ आणि एक काना माणसाला महिनोन्‌महिने हेलपाटे घालायला लावतात.

खाटीकप्रमाणे ‘कातिब’शीही गल्लत होते. कातिब म्हणजे लिहिणारा. संगणक येण्याआधी उर्दू वर्तमानपत्रे आणि लग्नपत्रिका हाताने लिहिणारे कातिब मालेगावात, मुंबईत पुष्कळ होते. उर्दूत या दोन शब्दांत गोंधळ होऊच शकत नाही. खतीबात ‘खे’ आणि ‘तोय’ आहे, कातिबात ‘काफ’ आणि ‘ते’. देवनागरीत ‘तोय’ आणि ‘ते’ दोन्हींचा ‘त’ होतो आणि फरक निम्मा पुसला जातो. म्हणून मी पालकांना सांगते की प्रवेशाच्या दिवशी नाव तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर लिहून द्या.

मराठीची शिक्षिका म्हणून मला यात एक गोष्ट फार आवडते. गरीब, वकील, हकीम, खतीब हे चारही शब्द अरबीच्या एकाच साच्यातले. मराठीने त्यांना आपला नियम लावला. शेवटचे अक्षर अकारान्त, म्हणून त्याआधीची वेलांटी दुसरी. आणि प्रत्यय लागला की ती पहिली होते. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, हकीम-हकिमाला, खतीब-खतिबाला. वर्गात हा नियम शिकवताना मी चौथे उदाहरण मुद्दाम देते. मुली हसतात, पण त्यांना नियमही समजतो आणि आणखी काहीतरी समजते. ज्या शब्दाला मराठीचे सामान्यरूप होते, तो शब्द मराठीत पाहुणा राहिलेला नसतो.

आणि कामाचे काय? आज जुम्मा वस्तीवस्तीत होतो. प्रत्येक मशिदीच्या फलकावर ‘इमाम व खतीब’ असे लिहिलेले असते. त्यामुळे कामाने खतीब असलेले हजारो आहेत, त्यांचे आडनाव शेख, अन्सारी, मन्सुरी काहीही असते. आणि आडनावाने खतीब असलेले बहुतेक रिक्षा चालवतात, दुकान सांभाळतात, कारखान्यात जातात, आखातात नोकरी करतात. मला यात काही वाईट वाटत नाही. मूळ अट इल्मची होती, वारशाची नव्हती, ती आता पुन्हा लागू झाली इतकेच. माझ्या वर्गातल्या त्या मुलीने गेल्या वर्षी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मराठीतून भाषण केले. मराठी तिची दुसरी भाषा. विषय पाण्याचा होता. तिच्या आजीला मी म्हटले, “खाला, आता खऱ्या अर्थाने खतीब झाली तुमची पोरगी.” आजी म्हणाल्या, “अरबीत नाही ना बोलली.” मी म्हटले, खतीब म्हणजे समोरच्याला समजेल असे बोलणारा. साबित बिन कैस त्यांच्या लोकांच्या भाषेतच बोलत होते.

शेवटी खतीब घराण्यांना, आणि तसेच मुजावर, काझी, इनामदार, मुलाणी या सगळ्यांनाच एक विनंती. घरात जुने कागद असतील तर ते ट्रंकेत सडू देऊ नका. फारसी सनद असेल, मोडीतला उतारा असेल, इनामाचा निवाडा असेल. फोटो काढून ठेवा आणि जाणकाराकडून वाचून घ्या. मोडी वाचणारे लोक नाशिकमध्ये, पुण्यात आहेत, पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. सेवेच्या अटीवर मिळालेल्या जमिनीला ‘मशरूत-उल-खिदमत’ म्हणतात आणि 1995 च्या वक्फ कायद्याच्या व्याख्येत ती येते. तिच्यावर हक्क कुणाचा, विकता येते का, हे वाद कोर्टात भावनेने सुटत नाहीत, कागदाने सुटतात.

आणि त्या कागदांत वाचायला काय मिळेल? मक्का-मदिनेपर्यंतची साखळी बहुधा मिळणार नाही. परगणा, कसबा, बिघे, मशिदीच्या दिवाबत्तीचे तेल, कुठल्या तरी ओढ्याच्या काठची शेताची हद्द हे मिळेल. गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत जशी यात्रेकरूंची घराणी गावासकट नोंदलेली असतात, तशी ही घराणीही गावासकट नोंदलेली आहेत. शब्द अरबी आहे, हद्दी आपल्या तालुक्यातल्या आहेत. आपण कुठून आलो असे मुलांनी विचारले, तर त्या हद्दी दाखवाव्यात.